वरच्या खोलीतले सर

सरांच्या हाताखाली मी सव्वीस वर्षं काम केलं आणि त्यातली निम्मी वर्षं मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. निवृत्त माणसाबद्दल लोक गोड गोड बोलतात. माझ्या जिभेला ते वळण नाही.

माझं काम बटणं दाबायचं. मालिकेच्या स्टुडिओत तीन कॅमेरे एकदम चालू असतात. त्यातल्या कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते दिग्दर्शक सांगतो. तो "दोन" म्हणाला की मी दोन नंबरचं बटण दाबायचं, "एक" म्हणाला की एक नंबरचं. माझ्या सासूबाई विचारायच्या, "म्हणजे तू दिवसभर नेमकं करतेस काय?" मी म्हणायचे, "बटणं दाबते." त्या म्हणायच्या, "मग घरी यायला एवढा उशीर कशाला होतो?" स्टुडिओत सगळे मला बटणबाई म्हणायचे आणि मलाही ते चालायचं.

आम्ही बसायचो ती खोली स्टुडिओच्या वर. लोखंडी जिना, बावीस पायऱ्या, वर एक जाड दार. आत खिडकी नाही. समोरच्या भिंतीवर पडदे, खाली माझी बटणांची पाटी आणि डाव्या हाताला सरांची खुर्ची. यंत्रं तापू नयेत म्हणून खोली इतकी थंड ठेवायचे की मी बाराही महिने स्वेटर घालून बसायचे. सरांना खालचा सेट दिसायचा तो पडद्यांवरच. त्यांच्यापुढे एक छोटा माइक आणि एक कळ होती. कळ दाबून बोललं की आवाज खाली कॅमेरावाल्यांच्या कानात जायचा. नवीन आलेल्या मुलींना सर दिसायला कसे आहेत हे महिना महिना माहीत नसायचं, पण त्यांच्या आवाजाने त्या दचकायच्या. एकदा एकीने जिन्याखाली सरांनाच विचारलं, "काका, दिग्दर्शक कधी खाली येतात का हो?" सर म्हणाले, "मीही वाट बघतोय," आणि वर निघून गेले.

ते या धंद्यात आले केबल ओढायला. कॅमेरा पुढे गेला की मागची जाड केबल उचलून धरायची, मागे आला की गुंडाळायची. पाच वर्षं त्यांनी तेच केलं. त्या काळी नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. चुकलं तर चुकलं, सगळ्या जगाला दिसायचं. एके दिवशी नाटक सुरू व्हायला वीस मिनिटं असताना दिग्दर्शक साहेबांचं पोट बिघडलं आणि ते आत जाऊन बसले ते बाहेर येईनात. नाटक कुणालाच नीट माहीत नव्हतं. सर रोज तालमींना केबल धरून उभे असायचे, त्यांना अख्खं माहीत होतं. त्यांना वर पाठवलं. चाळीस मिनिटांचं नाटक त्यांनी एकही चूक न करता काढलं आणि त्यानंतर अडतीस वर्षं ते खाली आलेच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. अकरा मालिका, गाण्यांचे कार्यक्रम, प्रश्नमंजुषा, निवडणुकीचे निकाल. त्यांचं एकही काम कधी वेळेच्या पुढे गेलं नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणायचे.

राग यायचा तो याच घड्याळपणाचा. त्यांचे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा आमची तीन दृश्यं बाकी होती. निरोप मीच दिला. ते पडद्यावरून नजर न हलवता कळ दाबून खाली म्हणाले, "चला, पुढचं दृश्य." तिन्ही दृश्यं काढली, वहीत खुणा केल्या आणि मग गेले. मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की या माणसाच्या आत काही नाही. आता तसं म्हणवत नाही.

त्यांची बायको म्हणजे आमच्या ताई. त्याच थेट नाटकात त्या नायिका होत्या. ताईंची स्मरणशक्ती हा स्टुडिओतला चेष्टेचा विषय होता. स्वतःची वाक्यं त्यांना पाठ असायचीच, समोरच्याचीही असायची. समोरचा अडला की त्या त्याचं वाक्य प्रश्न करून आपणच म्हणायच्या, म्हणजे तोही सावरायचा आणि बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. लग्नानंतर पस्तीस वर्षं सर वर आणि ताई खाली, असा त्यांचा संसार चालला. सकाळी एकाच गाडीतून यायचे, ताई मेकअपच्या खोलीत जायच्या, सर जिना चढायचे. ताई मला एकदा म्हणाल्या होत्या, "आमचं भांडणसुद्धा नीट होत नाही गं. घरी ते गप्प, आणि इथे बोलतात ते सगळ्यांच्या कानात."

शेवटच्या मालिकेत ताई आजीचं काम करायच्या. मोठं घर, चार सुना आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी आजी. मालिका त्यांच्यावरच चालली होती. तिसऱ्या वर्षी एका दुपारी ताईंनी धाकट्या सुनेला दुसऱ्याच नावाने हाक मारली. ते आठ वर्षांपूर्वीच्या मालिकेतल्या सुनेचं नाव होतं. सगळे हसले, ताईही हसल्या. पुढच्या आठवड्यात एका साध्या वाक्याला त्या सात वेळा अडल्या. "दार लावून घे, वारा येतोय," एवढंच वाक्य होतं. सातव्या वेळी त्यांनी वर कॅमेऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा घाबरलेला होता. ताईंना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सर कळ दाबून म्हणाले, "जेवणाची सुट्टी." अकरा वाजले होते. घड्याळ पहिल्यांदा चुकलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरांनी मला चार वाक्यांत सांगितलं. हे वाढत जाणार. औषध नाही. रोजचं काम जितके दिवस चालू राहील तितके दिवस ती शाबूत राहील. काम थांबलं की उतार सुरू होईल. "म्हणजे काम थांबता कामा नये," ते म्हणाले. पुढची दोन वर्षं त्यांनी त्या एका गोष्टीसाठी जीव काढला. मालिका, वाहिनी, किती लोक बघतात त्याचे आकडे, कशाचंही त्यांना काही उरलं नव्हतं. ताई सेटवर उभ्या राहिल्या पाहिजेत, बस.

आमचा साउंडवाला जुना होता, त्याला सगळे 'कान' म्हणायचे. त्याने वाटाण्याएवढं एक यंत्र आणलं, कातडीच्या रंगाचं. ते ताईंच्या डाव्या कानात बसायचं, वरून आजीचे पांढरे केस यायचे. सरांपुढे आता दोन कळा झाल्या, काळी कळ सगळ्या युनिटसाठी आणि पांढरी कळ ताईंच्या कानासाठी. पांढऱ्या कळीची गोष्ट चौघांनाच माहीत होती. सर, ताई, कान आणि मी. वाहिनीला कळलं असतं तर ताईंना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

रीत त्यांनी दोघांनी मिळून ठरवली होती. सरांनी वाक्य सांगायचं ते अगदी सपाट, भाव न घालता. ताई ते जसंच्या तसं म्हणणार, भाव त्यांचा. आणि काही करायला सांगायचं असेल, म्हणजे ऊठ, वळ, खिडकीकडे बघ, तर आधी "ऐक" म्हणायचं. "ऐक, ऊठ." "ऐक, कप खाली ठेव." ज्याच्या आधी "ऐक" नाही ते वाक्य, ते म्हणायचं. इतकं सोपं. ताईंना दिवस, वार, जेवलो की नाही, काही राहिनासं झालं तरी ही रीत शेवटपर्यंत राहिली. चाळीस वर्षं सूचना आणि संवाद यांतला फरक अंगात मुरला होता, तो आजारालाही काढता आला नाही. दृश्य संपलं की सर कानात "छान झालं" म्हणायचे. त्याआधी "ऐक" लागायचं नाही. ते ऐकल्याशिवाय ताई जागच्या हलायच्या नाहीत.

पाहता पाहता हे इतकं जमलं की मला भीती वाटायची. सर काळी कळ दाबून "दोन तयार", पांढरी दाबून ताईंचं वाक्य, तोंडाने मला "दोन घे", असं एका श्वासात करायचे. वाक्य कानात पोचून तोंडातून यायला क्षणभर लागायचा, म्हणून ताई प्रत्येक बोलण्याआधी थांबायच्या. एका वर्तमानपत्राने लिहिलं की या वयात या अभिनेत्रीला शांततेचं सामर्थ्य गवसलं आहे. कानने ते कात्रण भिंतीवर लावलं. सरांनी ते काढून फाडून टाकलं.

त्यांची मुलगी एकदा थेट वर आली. लग्न होऊन दुसऱ्या गावी असायची, चांगली शिकलेली, रोखठोक. माझ्यासमोरच बोलली, कारण मी खुर्चीतून उठले तरी बाहेर जायला वाट नव्हती.

"बाबा, आईला मी घेऊन जाते."

"ती काम करतेय."

"काम तुम्ही करताय. ती तुमच्या तालावर तोंड हलवतेय. सोडा आता तिला."

"घरी नेलंस तर चार महिन्यांत तुलाही ओळखणार नाही."

"आणि इथे ओळखते?"

सरांनी पडद्याकडे तोंड वळवलं. मुलगी म्हणाली, "तुम्हाला ओळखते का ती, बाबा? खरं सांगा." सरांनी काळी कळ दाबली आणि खाली विचारलं, "लाइट झाले का?" मुलगी रडत जिना उतरली. मला वाटलं, हट्टीपणा चाललाय. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सर खचले. दिवसाला चौदा-पंधरा दृश्यं, त्यातलं ताईंचं प्रत्येक वाक्य यांच्या तोंडून. आवाज बसायचा. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून टम्म झाला होता, कळ दाबून धरवत नव्हती. कळ वर ढकलली की अडकून तशीच चालू राहायची आणि तिच्याशेजारी लाल दिवा लागायचा. सर आता लांब दृश्याला पांढरी कळ वर अडकवून ठेवायचे आणि संपल्यावर खाली करायचे. त्या वेळात आम्ही खोलीत एक अक्षर बोलायचो नाही, शिंकसुद्धा दाबायचो. त्यांचा शर्ट दोन दोन दिवस तोच असायचा. एका डोळ्याखाली ओरखडा दिसला तेव्हा मी विचारलं. "दारावर आपटलो," म्हणाले. बरं, म्हटलं. आपटतात माणसं.

मग तो दिवस. आजी आणि धाकटी सून, एवढंच दृश्य. सूनबाईचं दीड पानाचं भाषण होतं, तिने आजवर काय काय सोसलं ते. ताईंनी खुर्चीत बसून नुसतं ऐकायचं आणि शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. सोपं दृश्य. सरांनी कानात सांगितलं, "ऐक, बसून राहा, तिच्याकडे बघ." पांढरी कळ वर अडकवलेलीच होती. दृश्य सुरू झालं आणि पाठीमागचं जाड दार उघडलं. वाहिनीची बाई आत आली. तिला येऊ नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमचं पत्र मिळालं. आजीला संपवायचं म्हणता? आकडे तर बघा. आम्हाला आजी अजून एक वर्ष हवीये."

मी चमकले. पत्राचं मला माहीत नव्हतं. मी पडद्यांवरचा आवाज कमी केला, कारण ती बोलत होती आणि तिचं ऐकू येईना म्हटल्यावर ती चिडली असती. सर खुर्ची फिरवून तिच्याकडे वळले. पडद्यांकडे पाठ झाली. एवढ्या वर्षांत चालू दृश्याकडे पाठ केलेली मी पहिल्यांदा पाहत होते. जवळचं तेवढंच ऐकणारा माइक मात्र त्यांच्या खांद्यापाशीच होता.

"महिनाअखेर संपवा तिला," सर म्हणाले. "जिन्यावरून पडली म्हणून दाखवा, झोपेत गेली म्हणून दाखवा. काहीही करा."

"पण का? इतकं सुंदर काम करतात त्या."

"तिच्यात आता काही उरलेलं नाही. नुसतं खोकं आहे. मी आत बोलतो म्हणून ते बोलतं. मला आता झेपत नाही."

सर बोलत होते तेव्हाच दोन नंबरच्या पडद्यावर ताईंचा चेहरा बदलला. चेहरा बदलला की त्याच्याकडे जायचं, ही सव्वीस वर्षांची सवय माझ्या बोटांत होती. मी दोन नंबर दाबला. मग पाहिलं की ओठ हलताहेत आणि तिथे ताईंचं वाक्य नाही. मग मी आवाज वाढवला. आणि मग मला लाल दिवा दिसला. क्रम असा झाला. आधी ती कळ खाली ओढायला हवी होती, हात लांब केला असता तर पोचला असता. मी आधी शॉट घेतला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते आहे.

खाली ताई सुनेचं भाषण तोडून बोलत होत्या. "महिनाअखेर संपवा तिला. जिन्यावरून पडली म्हणून दाखवा, झोपेत गेली म्हणून दाखवा. काहीही करा." सपाट वाक्य कानात यायचं आणि भाव ताईंनी घालायचा, हीच तर रीत होती. त्यांनी घातला. "तिच्यात आता काही उरलेलं नाही," हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की सूनबाईचं काम करणारी पोरगी खरंच रडायला लागली. "नुसतं खोकं आहे. मी आत बोलतो म्हणून ते बोलतं." आणि मग एक लांब श्वास घेऊन, हात मांडीवर ठेवून, "मला आता झेपत नाही."

सर वळले तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य त्यांच्याच बायकोच्या तोंडून येत होतं. त्यांनी लाल दिव्याकडे बघितलं. वाहिनीची बाई म्हणाली, "हे कधी लिहिलं? काय कमाल केलीय त्यांनी!" तिला अजून काहीच कळलं नव्हतं. खाली युनिटमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ताई जागच्या हलल्या नाहीत. त्या "छान झालं"ची वाट बघत होत्या. जरा वेळाने त्यांनीच वर बघून विचारलं, "दुसरं वाक्य जरा लांबलं का? परत घेऊ या?"

सर उठले आणि जिना उतरले. दृश्य चालू असताना सर खाली आले आहेत हे युनिटला समजायलाच वेळ लागला. मला ते एक नंबरच्या पडद्यावर दिसले, चुरगळलेला शर्ट, पायात चपला. केबल ओलांडताना त्यांनी पाय नेमका उचलला. ते ताईंच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ताईंच्या केसांकडे हात नेला, कानातलं काढायला.

ताईंनी तो हात झटकला. "कोण तुम्ही? अहो, सेटवर बाहेरच्या माणसाला यायला परवानगी नाही."

"अगं, मी."

"चालू कामात शिरता? आमचे हे बघतायत वरून. फार रागावतील." मग त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, याला बाहेर काढायला सांगा ना. घरीपण येतो हा माणूस. स्वयंपाकघरात उभा असतो."

खाली कुणी हललं नाही. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर धक्का नव्हता, म्हणून मला कळलं की हे त्यांना नवीन नाही. डोळ्याखालचा ओरखडा कशाचा तेही कळलं. घरी ते अनोळखी माणूस होते आणि इथे वर बसून कानात बोलले की तिचे 'हे' होते. दोन वर्षं त्यांनी तिचं काम टिकवलं ते आणखी कशासाठी, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. तिला नवरा भेटायचा तो दिवसातून ते दहा तास, फक्त आवाजात. तेही झेपेना तेव्हा पत्र लिहिलं. मी ज्याच्या आत काही नाही म्हणाले होते तो हा माणूस. मला माझी लाज वाटली.

सर उठले. बावीस पायऱ्या चढून वर आले. वाहिनीची बाई बाजूला झाली. पांढरी कळ अजून वरच होती. त्यांनी दोनदा घसा साफ केला, तेसुद्धा ताईंच्या कानात गेलं असणार.

"छान झालं," ते म्हणाले. "ऐक, आता ऊठ. ऐक, दारातून बाहेर ये. गाडी उभी आहे."

ताई हसल्या आणि उठल्या. कानने त्यांना दारापर्यंत सोबत केली. ती मालिकेतली त्यांची शेवटची दुपार. आजीला वाहिनीने तीर्थयात्रेला, तीर्थयात्रेला नाही, परगावी लेकीकडे पाठवलं. नेमकं कुठे हे मला आठवत नाही, मी ते भाग दुसऱ्या दिग्दर्शकाबरोबर काढले आणि तोंड मिटून बटणं दाबली. ताईंचं ते बोलणं वाहिनीने पुसायला लावलं. सरांनी राजीनामा दिला तेव्हा निरोप समारंभ ठेवायचं चाललं होतं, ते आलेच नाहीत.

सहा महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. दार मुलीने उघडलं. ती आता दर आठवड्याला दोन दिवस येते, वाद घालत नाही. ताई पुढच्या खोलीत टेबलाशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मुलीने मला खूण केली म्हणून मी डोकावले. एक टेबल, एक माइक, एक छोटा पडदा, पडद्यावर ताई. सगळं कानने बसवून दिलेलं. सर अंगठ्याला पट्टी बांधून बसले होते. मला बघून त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं आणि माइकमध्ये म्हणाले, "ऐक, चमचा उचल. ऐक, घास घे." बाहेर ताईंनी घास घेतला.

"समोर गेलो की ओरडते," ते मला हळूच म्हणाले. कळ खाली करून म्हणाले, आधी दिव्याकडे बघून. "इथून सगळं करते. आंघोळसुद्धा. एकच कॅमेरा आहे, तुझं काही काम नाही."

ते हसले, म्हणून मीही हसले. मग बाहेर येऊन ताईंच्या शेजारी बसले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण माणसं जवळ करायची त्यांची सवय होती. त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ मेकअपच्या खोलीतल्या आरशाबद्दल काहीबाही बोलल्या. मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला.

"बाई, तुमची आमच्या यांच्याशी ओळख आहे ना?"

"आहे की."

"मग एक सांगाल त्यांना? मला स्वतःला विचारायचा धीर होत नाही. ते म्हणाले होते, महिनाअखेर संपवा म्हणून. मी ऐकलंय. त्यांना म्हणावं, एवढ्यात नको. मी पाठ करते आहे. थोडं थोडं राहतं अजून."

आज सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं. हे राहिलं होतं. मी दाराकडे बघितलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग सरांचा आवाज, तो मला दारातूनही ऐकू आला.

"नाही गं संपवणार. कोणी नाही संपवणार तुला."

आधी "ऐक" म्हणायचं ते विसरले.

ताईंनी मान किंचित वर केली. नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या. मग माझ्या डोळ्यांत बघून, माझा हात दाबून, फार मायेने म्हणाल्या, "नाही गं संपवणार. कोणी नाही संपवणार तुला."

आणि मग हात मांडीवर ठेवून त्या आतून "छान झालं" येण्याची वाट बघत बसल्या. ते यायला फार वेळ लागला.